कॉफीची गाडी

कोरियात, सोलमध्ये मालिकांच्या सेटवर मी गुंड बनून मारामाऱ्या करतो. पंधरा वर्षं हाच धंदा. सातव्यांदा मी रबरी दांडकं बोमसोकच्या पाठीत घातलं आणि कोसळताना तो पुन्हा हसला.

"कट!" डायरेक्टर किंचाळला. "अरे, बरगड्या मोडल्यात तुझ्या! दात कसले काढतोस? हा तुमच्या बँडचा नाच नाही!"

बोमसोकने कमरेत वाकून माफी मागितली. आजवर बॉयबँडमध्ये गायलेला, मालिकेत हे पहिलंच काम. काल तालमीत हाच असा विव्हळला होता, की मेकअपवालीचे डोळे भरले. आज त्याचा बँड चालवणाऱ्या कंपनीचे मालक सगळ्यांसाठी कॉफीची गाडी घेऊन आले होते आणि कॅमेऱ्यामागे उभे राहून कौतुकाने बघत होते.

दहाव्या टेकला माझं डोकं फिरलं. मी खरीखुरी लाथ घातली. दातांखाली त्याचा ओठ फाटला, तरी रक्ताळल्या तोंडाने तो गोड हसला.

मी खाली वाकलो. "वेडा आहेस का रे? रड ना, सुटशील!"

"मुद्दाम नाही हो दादा," तो हसतच पुटपुटला. "बँडसाठी नाच-गाणं शिकत होतो तेव्हा मालक पट्ट्याने मारायचे. हसू मावळलं, की फटक्यांची मोजणी परत एकपासून."

मी दांडकं फेकलं आणि कॅमेऱ्यामागे गेलो. पहिल्याच ठोशाला मालक कॉफीच्या कपासकट आडवे झाले.

मागे बोमसोक ओक्साबोक्शी रडायला लागला.

"कॅमेरा बंद करू नका!" डायरेक्टर ओरडला.