बेचाळीस पौंड

वैदेहीनं टोपली आणि आपलं धनुष्य काउंटरवर ठेवलं आणि म्हणाली, "वहिनी, सुशांत म्हणाला, रेणूनं हो म्हटलं की डोळे झाकून घे."

सुशांत म्हणजे रेणूचा नवरा आणि हिच्या ऑफिसातला सहकारी. आपण वहिनी, आणि तो मात्र नुसता सुशांत! रेणूचा जळफळाट सुरू झाला तो तिथूनच. अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या या दुकानात धनुष्यबाणांच्या काउंटरवर ती तीन वर्षं काम करत होती. जन्मभर शिकार केलेले गोरे आजोबासुद्धा तिला विचारून बाण घ्यायचे. पण आज समोर नागपूरची वैदेही होती, उंच, मोकळ्या केसांची. येत्या शनिवारी सुशांतच्या ग्रुपबरोबर ती उत्तरेच्या जंगलात हरणाच्या शिकारीला चालली होती.

"धनुष्य किती पौंड ओढीचं आहे तुझं?" रेणूनं विचारलं.

"अडतीस पौंड. त्याच्या वर मला ओढताच येत नाही हो. पण सुशांत म्हणतो, अडतीस मस्त पुरतात."

रेणूचा हात स्कॅनरवरच थांबला. तिचं स्वतःचं धनुष्य बेचाळीसचं. दोन वर्षांपूर्वी तिनं 'मीही येते' म्हटलं, तेव्हा हाच माणूस पाहुण्यांदेखत हसला होता. "अगं, बेचाळीस पौंडांत ससा मरेल. दोनशे पौंडांचं हरीण नाही मरत." हे खरं नाही हे तिला ठाऊक होतं. चाळीसची धनुष्यं घेऊन गेलेल्या बायका तिला हरणांचे फोटो आणून दाखवायच्या. पण चारचौघांत वाद नको म्हणून तिनं विषय सोडून दिला होता. आणि या बाईला अडतीस मस्त पुरतात. वा रे वा!

तिनं टोपलीत पाहिलं. बाण अगदी हलके, सुसाट जाणारे. त्यांना लावायची पाती दोन इंच रुंद, आदळली की छत्रीसारखी उघडणारी.

"रिव्ह्यूज बघून सिलेक्ट केलं सगळं," वैदेही म्हणाली. "फोर पॉइंट एट स्टार्स! चालेल ना?"

दणकट धनुष्याला चाललं असतं. अडतीस पौंडांत मात्र निम्मा जोर ती पाती उघडण्यातच जातो आणि बाण बरगडीपाशी अडकतो. रेणूला खोटंसुद्धा बोलायचं नव्हतं. स्कॅन करायचं आणि पिशवीत भरायचं, बस. मग शनिवारी सगळ्यांसमोर बाईंची फजिती. सुशांतसमोर! तिनं पहिलं पाकीट स्कॅन केलंसुद्धा.

दुसरं उचललं आणि तिच्या डोळ्यांपुढे हरीण आलं, बाण अंगात घेऊन दोन दिवस झुडपांतून खुरडत जाणारं. मागच्या वर्षी एक गिऱ्हाईक असंच काहीतरी सांगताना याच काउंटरवर रडलं होतं, चांगला सहाफुटी बाप्या. वैदेहीची फजिती व्हायची तर खुशाल होवो. पण त्या जनावरानं रेणूचं काय घोडं मारलं होतं?

"ठेव हे सगळं परत," ती म्हणाली. "आणि आधी त्या स्टुलावर बस. धनुष्य सरळ समोर धर, आभाळाकडे नेऊ नकोस. आता ओढ सावकाश."

वैदेहीनं ओढलं. धनुष्य वर आभाळाकडे गेलं.

"पहाटेच्या थंडीत, जाड जाकिटात हे जमायचं नाही. तू हललीस की हरीण पळालंच." रेणूनं स्क्रू फिरवून दोन पौंड कमी केले आणि तिला पुन्हा ओढायला लावलं. या वेळी धनुष्य जागचं हललं नाही. मग रेणूनं फळीवरून जड बाण काढले आणि अरुंद, दुधारी, न उघडणारी पाती. "हे टोकापासूनच कापत आत शिरतं. बाण जड आहे, जरा हळू जाईल, पण वाटेत अडणार नाही. हरीण वीस यार्डांच्या आत आलं तरच सोड. पंचवीसवर असेल तर नुसतं बघ आणि घरी ये."

वैदेही तिच्याकडे बघतच राहिली. "वहिनी, तुम्हाला केवढं येतं यार! मग तुम्ही का नाही येत? सुशांत म्हणाला, तुम्हाला रक्त बघवत नाही."

रक्त बघवत नाही! दर वर्षी त्यानं आणलेलं हरीण सोलून, तुकडे करून फ्रीझरमध्ये कोण भरतं मग, शेजारीण? रेणूनं हातातलं पाकीट काउंटरवर आपटलं. आणि गंमत म्हणजे, इतका वेळ वैदेहीवर धरलेला राग आता शोधूनही सापडेना. पोरीला बिचारीला काय माहीत!

तिनं वैदेहीचं सामान पिशवीत भरून दिलं. मग फळीवरून तसलेच बाण आणि तसलीच पाती पुन्हा काढली. शिकारीचा परवाना त्याच काउंटरवर छापून मिळायचा. तिनं कॉम्प्युटरवर नाव टाइप केलं आणि प्रिंटर चालू केला.

"हे कुणाचं?" वैदेहीनं विचारलं.

"माझं."

"म्हणजे तुम्ही येताय? सॉलिड! सुशांतला मेसेज करू?"

"नको. शनिवारी गाडी निघताना कळेलच त्याला." रेणूनं प्रिंटरमधून कागद ओढून घेतला. वैदेही पिशवी उचलून दारापर्यंत गेली होती, तेवढ्यात रेणूनं तिला हाक मारली.

"आणि वैदेही, पुढच्या सीटवर मी बसणार आहे."