चांदीचा करदोटा

"ताई, बाळाचा कणा वाकलाय," मणके बसवणारा कायरोप्रॅक्टर एक्स-रे दिव्यासमोर धरून म्हणाला. "आत्ता बसवला नाही, तर शाळेत जाईपर्यंत कुबड दिसेल. आजच पॅकेज घेतलंत, तर बाबांची पाठ फुकट!"

मी हो म्हणणारच होते, पण नजर फिल्मवरून हलेना.

"याचा चांदीचा करदोटा कुठंय?" मी विचारलं. "बारशापासून कमरेला आहे, एक्स-रे काढतानाही सोडला नव्हता. चांदी दिसायला हवी ना?"

त्यानं फिल्म खाली ठेवली. "फिल्म बदलली असेल. पण ताई, कणा सगळ्याच बाळांचा वाकतो."

मी लेकाला उचलून बाहेर पडले. राग आला नाही, रडूही नाही. रिक्षात माझं बोट मात्र त्याचा एकेक मणका चाचपत राहिलं.