चौथी ओळ

"ताई, पुन्हा घाई होतेय," सिस्टर म्हणाली. "आत गेलेली हवा बाहेर तरी येऊ द्या त्यांची."

तिनं मान हलवली. दोन्ही हातांत रबरी पिशवी, पिशवीची नळी नवऱ्याच्या तोंडात. दाबलं की त्याची छाती वर यायची, सोडलं की खाली. न्यूमोनियानं त्याचा स्वतःचा श्वास उरलाच नव्हता. दवाखान्यात श्वासाचं मशीन एकच, ते दुसऱ्या पेशंटला लावलेलं. आणखी एक मागवलंय, संध्याकाळपर्यंत पोचेल, असं सकाळपासून सांगत होते. तोवर घरच्यांनी दाबायचं. पाच आकडे मोजायचे, एकदा दाबायचं. थांबायचं नाही, बस्स.

सांगायला काय जातंय! नवऱ्याचा जीव अक्षरशः तिच्या मुठीत होता. दिवसभर शिवणाच्या मशीनवर बसणारी बाई, हाताला वेगाची सवय. पण खरी गोष्ट सवयीची नव्हती. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. भ्यालेल्या माणसाचे पाच आकडे दोन सेकंदांत संपतात.

पलंगाच्या पलीकडे स्टुलावर सासूबाई. सकाळी त्यांनीही दाबून बघितलं, पण दहा मिनिटांत संधिवाताची बोटं आखडून बसली. तेव्हापासून त्या नुसत्या बघत होत्या.

"आकडे सोड," त्या म्हणाल्या. "प्रभूची प्रार्थना म्हण. एक ओळ म्हणायची, मग दाबायचं."

"आई, आत्ता प्रार्थना सुचतेय का मला?"

"सुचायला कशाला हवी? पाठ आहे ना? दर रविवारी चर्चमध्ये घडाघडा म्हणतेस."

तिनं तोंडातल्या तोंडात सुरुवात केली. आणि काय सांगावं, जमलं! आकडे भीतीनं आखूड व्हायचे, पण लहानपणापासून तोंडात बसलेल्या ओळी तेवढाच वेळ घ्यायच्या. आमेन झालं की पुन्हा पहिल्यापासून. सिस्टरनं एकदा घड्याळाकडे, एकदा छातीकडे बघितलं आणि पुढे गेली. तासाभरात पहिल्यांदा सुनेचे खांदे जरा खाली आले.

थोड्या वेळानं सिस्टर परत आली. पायथ्याशी उभी राहून बघत राहिली.

"छान चाललंय. फक्त मध्येच एक दाब लवकर पडतोय. तीन चांगले जातात, चौथा घाईत. मग पुन्हा ठीक. दर फेरीला तसंच."

"बघते," ती म्हणाली. सिस्टर शेजारच्या पलंगाकडे वळली.

सासूबाईंनी बोटांवर मोजलं. एक, दोन, तीन. चौथी ओळ देवाच्या इच्छेची. त्याच्या मनात असेल तसं घडू दे, असं म्हणणारी.

"चौथी खातेस तू."

तिनं नजर पिशवीवरच ठेवली. दाबलं. सोडलं.

"मुद्दाम खातेस?"

"नाही म्हणवत मला, आई!" तिचा आवाज चढला. "ह्यांना न्यायची इच्छा असली तर त्याची? मी माझ्या तोंडानं हो म्हणू? मग हे दाबतेय कशाला मी?"

सासूबाई चर्चमधल्या बायकांना प्रार्थना शिकवायच्या. कुणी काही विचारलं की यांचं उत्तर तयार. आज त्यांनी मुलाच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"मीही सकाळपासून तिथंच अडतेय," त्या म्हणाल्या. "पोटचा आहे गं तो माझ्या."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि तेवढ्यात एक दाब हुकला. छाती खालीच राहिली. तिनं पिशवी दाबली, लगेच पुन्हा दाबली. आता ना आकडे आठवत होते, ना ओळी.

सासूबाई उठल्या. पलंगाला वळसा घालून तिच्याजवळ आल्या आणि आपली आखडलेली बोटं तिच्या हातांवर ठेवली. जोर नव्हताच त्यांत.

"भीती काही जायची नाही आपली," त्या म्हणाल्या. "भीत भीतच म्हणू. पण चौथ्या ओळीला देवाला दाराबाहेर उभं करायचं नाही. तिथंच आपण एकट्या पडतोय."

"तुम्ही म्हणाल माझ्याबरोबर?"

"म्हणते."

पहिली ओळ झाली, दाब झाला. दुसरी. तिसरी. चौथीला दोघींच्या तोंडून शब्द फुटेना. मग सासूबाईंचा आवाज आला, अगदी बारीक, आणि त्याच्या मागून तिचा, फाटलेला. ओळ पूर्ण झाली. मगच तिनं पिशवी दाबली. छाती सावकाश वर आली, पुरती खाली गेली.

तिच्या डोळ्यांना धार लागली होती, आणि पुसायला हात मोकळे नव्हते. सासूबाईंनी आपल्या पदरानं तिचं तोंड पुसलं आणि पाचवी ओळ सुरू केली.