अकरावी नमो मरिया

“ठेव तो झाडू! आई घरात असताना केर काढतात होय?”

शेजारच्या मावशी, आलिंग बिनिंग, एवढ्या जोरात ओरडल्या की देलियाच्या हातून झाडूच सुटला. शवपेटी घरात असेपर्यंत झाडू फिरवला तर घरातलं आणखी कुणीतरी झाडलं जातं, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. देलियालाही ठाऊक होतं. पण एकोणीस वर्षं हाँगकाँगला लोकांची घरं झाडलेल्या हातांना ते कोण सांगणार? काल दुपारी येऊन पोचल्यापासून तिला एका जागी बसवत नव्हतं. खुर्च्या सरळ कर, बिस्किटांचं ताट फिरव, फुलांवरची माशी हाकल. बसलं की पेटीकडे बघावं लागे.

पेटीत तिची आई होती, सायोंग. साऱ्या गल्लीची लोला, म्हणजे आजी. गेली कित्येक वर्षं गल्लीतली रोझरी, म्हणजे दहा-दहा नमो मरियांच्या पाच रहस्यांची माळ, तीच सांगायची. आज सकाळी नऊलाच बँडवाले दारात येऊन उभे होते. दहाला चर्चमध्ये न्यायचं होतं. तोवर माणसं तिच्या आठवणी काढत बसली होती, आणि प्रत्येकाकडे एक तरी होतीच. वादळात पाद्रीबाबा पोचेनात, तेव्हा मरणाला टेकलेल्या बाळाला लोलाने हंड्यातल्या पाण्याने बाप्तिस्मा दिला होता. ते बाळ आता अंगणात तुतारी पुसत होतं. देलियाची मुलगी आयरा तीन वर्षांची असल्यापासून लोलाकडेच वाढली. तिने शाळेच्या फाटकाशी छत्री घेऊन उभी राहणारी आजी सांगितली आणि ती रडली. देलियाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. आयराने तो झटकला नाही, पण धरलाही नाही.

“आता तू सांग, देल,” कुणीतरी म्हणालं.

देलियाकडे काय होतं? एक बसथांबा, हाँगकाँगला निघाली त्या दिवसाचा. आईने निरोपाचा एक शब्द काढला नव्हता, नुसता देलियाचा नवा ब्लाउज छातीशी मुठीत धरून ठेवला होता. बसने भोंगा दिला तशी देलियाने हिसडा मारला आणि वरचं बटण तुटलं. मनिलापर्यंत ती सेफ्टी पिन लावून, आईवर चरफडत गेली होती. मग वडील वारले आणि मालकिणीने अंत्यविधीलाही सोडलं नाही. त्यानंतर तीन महिने आई फोनवर आली नाही. आली तेव्हा म्हणाली, “जेवलीस का?” पुढे देलियाने माफी मागितली, ती रडली, येते म्हणाली, काहीही म्हणाली तरी तिकडून एवढंच यायचं, जेवलीस का? आईने माफ केलं की नाही, हे तिला कधी कळलंच नाही. आता विचारणार कुणाला?

“मी... कॉफी बघते,” देलिया म्हणाली.

“मी सांगते!” आलिंग बिनिंग सरसावल्या. तोंडाने फटकळ बाई, पण देलियाची वाट बघत घरात ठेवलेल्या पेटीपासून आठ दिवस हलल्या नव्हत्या. “सायोंग देवमाणूस, पण मोजायच्या नावाने शंख! तिसरं रहस्य आलं की दहाच्या जागी अकरा नमो मरिया. वर्षानुवर्षं! आमचे गुडघे मेले. मी म्हणायची, अगं, दहा झाल्या! तर म्हणे, एक जास्त झाली म्हणून मरियामाता रागावते का? पाद्रीबाबांनी सांगून बघितलं. माझी माळ देऊ केली, तर हात लावीना. स्वतःची ती रुमालाखाली झाकून धरायची, कुणाला दाखवायची देखील नाही.”

सगळे हसले. देलियाही हसली. आईचं हे वेडही तिला परक्यासारखं ऐकावं लागत होतं.

बाहेर बँड सुरू झाला. पेटीची काच वर झाली. आयराने देलियाच्या हातात कात्री दिली. मेलेल्याच्या बोटांतली माळ मुलांपैकी कुणीतरी कापायची असते. माळ अखंड राहिली तर तिला धरून घरातली माणसं एकामागून एक जातात.

“काप गं लवकर,” बिनिंग म्हणाल्या. “झाकण लावायचंय.”

देलियाने कात्री टेकवली आणि काढली. कुठे कापायचं? जरा धीर यावा म्हणून ती मणी चाचपत मोजू लागली. दहा. मोठा मणी. दहा. मोठा मणी. तिसऱ्या ओळीत दहाच्या पुढे बोटाला काहीतरी चपटं लागलं.

लाकडाचा मणी नव्हता तो. तिने आईचा गार अंगठा हळूच बाजूला सारला. दोऱ्यात एक बटण ओवलेलं होतं. मूळचं पांढरं, आता बोटांनी घासून पिवळं पडलेलं.

देलियाचा हात आपसूक गळ्याशी गेला, जिथे तेव्हा सेफ्टी पिन होती.

“आई गं,” ती म्हणाली आणि एकोणीस वर्षांत रडली नव्हती एवढी रडली. आयरा पुढे झाली. तिने बटण पाहिलं, आईचा गळ्याशी गेलेला हात पाहिला आणि तो हात घट्ट धरला.

आलिंग बिनिंग वाकून बघत होत्या. बसथांब्यावर त्याही आल्या होत्या. पिन त्यांचीच होती. मग त्यांनी देलियाच्या हातातली कात्री उचलली, बटणाच्या दोन्ही बाजूंना दोरा कापला आणि ते देलियाच्या तळहातावर ठेवलं.

“दहाच असू देत आता तिच्यापाशी,” त्या म्हणाल्या. “अकरावी घरी आली.”