बिनघोड्याचा
लांब पल्ल्याच्या शर्यतीच्या संघात एकच जागा उरली होती. निवड चाचणीसाठी शंभर किलोमीटर सायकल मारून आलेला एल्दियार आता किर्गिझस्तानातल्या सोंगकुल सरोवराकाठच्या कुरणातून जीव खाऊन पळत होता. पलीकडे कोच घड्याळ धरून उभा.

"घोडा पळाला का रे तुझा?" घोड्यावरून चाललेल्या गुराखी सापर आजोबांनी हाक मारली.

दम लागलेल्या एल्दियारने नुसतंच पुढे कोचकडे बोट दाखवलं. आजोबांनी टाच मारली आणि पुढे चरणारा एक घोडा धरला.

"सापडला! चढ!"

"माझा नाहीये हो! मी असाच पळतोय!"

"असंच कोण पळतं? लाजतोस काय! तिकडे नेऊन बांधतो." आजोबा घोड्यासकट कोचच्या दिशेने सुसाट.

तेवढ्यात घोड्याचा खरा मालक रबरी बुटांत, शिव्या घालत, घोड्यामागे पळत एल्दियारला मागे टाकून गेला.

एल्दियार पोचला तेव्हा कोच संघाच्या बुटांसाठी त्या मालकाच्या पायाचं माप घेत होता.