आज बंदोबस्त नाही

चहा तिने दोघींचा टाकला होता. तो उकळून आटत आला, तरी दारात कुणी आलं नाही.

आज मंत्री येणार होते. मंत्री यायचे असले की सकाळी उजाडता उजाडता ठाण्यातून एक हवालदारबाई यायच्या आणि ताफा परत जाईपर्यंत तिच्या दाराशी बसून राहायच्या. विरोधी पक्षाच्या या तरुण नगरसेविकेने रस्त्यावर उतरू नये, काळं निशाण फडकवू नये, एवढ्यासाठी. पहिल्या खेपेला ती त्यांच्याशी कडाकडा भांडली होती. दुसऱ्या खेपेला तिने पाणी विचारलं. पुढे बाई खुर्ची उचलून आतच येऊन बसायला लागल्या आणि ती त्यांना मावशी म्हणायला लागली. मावशी पिशवीतून लोकर काढायच्या आणि स्वेटर विणता विणता सासूच्या कागाळ्या सांगायच्या. "तुमच्यावर पहारा म्हणजे मला सुट्टीच हो, ताई," म्हणायच्या.

खरं तर तिच्याकडे येणारं दुसरं होतं कोण? वडील सरकारी नोकर. तिने विरोधी पक्षाचं तिकीट घेतलं आणि त्यांची बदली पार एका टोकाला झाली. "भाषणं तू ठोकायचीस आणि बिल माझ्या नावावर फाटायचं," एवढंच ते म्हणाले. त्यानंतर बोलणं तुटलं ते तुटलंच. आई अधूनमधून फोन करायची, पण स्वयंपाकघरातला नळ सोडून, वडिलांना ऐकू जाऊ नये म्हणून. त्या पाण्याच्या आवाजात तिचं निम्मं बोलणं वाहून जायचं. कार्यकर्ते यायचे, पण सभेपुरते. फोटो काढून झाले की ज्याची त्याची गाडी सुरू व्हायची, आणि मांडवात खुर्च्यांवर खुर्च्या रचत ती एकटी उरायची.

न राहवून तिने मावशींना फोन लावला.

"काय मावशी, आज विसरलात की काय मला?"

पलीकडे गाड्यांचा आवाज होता. मावशी दबक्या आवाजात म्हणाल्या, "ताई, आज तुमच्यावर बंदोबस्तच नाही. मला शाळेच्या कोपऱ्यावर उभं केलंय. तुमच्याच पक्षाच्या अध्यक्षांनी आमच्या साहेबांना कळवलं, आमचं कुणी येणार नाही म्हणून. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

तिला ठाऊक नव्हतं. ज्या शाळेत ती बाराखडी शिकली, ती पाडून तिथे बाजारसंकुल व्हायचं होतं. आज त्याचीच कोनशिला बसणार होती. पक्षाने त्यावर वर्षभर रान उठवलं होतं. 'एक वीट हलू देणार नाही' असं भर सभेत तीच म्हणाली होती आणि अध्यक्षांनी उठून टाळ्या वाजवल्या होत्या.

अध्यक्षांनी फोन घेतला तो हसतच. "अगं, तुला सांगणारच होतो. वर सगळं मिटलंय. मोठ्या निवडणुकीला तुझं नाव घालतोय मी, आता उगाच ताणू नकोस. असं कर, आजचा दिवस आईकडे जाऊन ये. किती दिवसांत गेली नसशील!"

तिने फोन ठेवला.

दार सताड उघडं होतं. उंबरठ्याबाहेर कुणी नव्हतं. ती दारापर्यंत गेली आणि थबकली. आजवर प्रत्येक वेळी तिने मावशींना ठासून सांगितलं होतं, "तुम्ही नसता ना, तर दाखवलं असतं!" आणि संध्याकाळी वार्ताहरांना सांगितलं होतं की मला डांबून ठेवलं. ते खोटं नव्हतं. पण दार अडवणारं कुणी असलं की बाहेर पडायची हिंमत आपल्यात आहे का, हे स्वतःला विचारावंच लागत नाही. आज विचारावं लागत होतं. मागे कुणी नाही, शेजारी कुणी नाही, घोषणा दिली तर तिला साथ द्यायलाही कुणी नाही. घरी बसली तर कुणी नावं ठेवणार नव्हतं. उलट शहाणी झाली म्हणाले असते.

तिने खुंटीवरची काळी ओढणी घेतली आणि चपला सरकवल्या.

रस्त्यात ओळखीचे चेहरे भेटले. तिच्या प्रचारात घसा फोडणारा सलूनवाला तिला पाहताच गिऱ्हाइकाच्या मानेवर वाकला तो वर बघेना. पक्षाच्या युवक शाखेचा प्रमुख मंत्र्यांच्या स्वागतकमानीला दोरी बांधत होता. त्याने शिडीवरून विचारलं, "ताई, तुम्ही इकडे कशा?" ती कमानीखालून तशीच पुढे गेली. बोलायला तोंड उघडलं असतं तर रडू फुटलं असतं.

शाळेच्या भिंतीपाशी ती उभी राहिली. भोंगे ऐकू आले. पहिली गाडी वळली, तशी ती रस्त्याच्या मधोमध गेली आणि दोन्ही हातांनी ओढणी डोक्यावर धरली. घोषणा द्यायची होती, पण ती राहूनच गेली. ओढणी तेवढी वाऱ्यावर फडफडत राहिली. करकचून ब्रेक लागले. पाठोपाठ सगळा ताफा थांबला.

मावशी धावत आल्या. त्यांनी तिचा दंड धरला. धरला तो घट्ट, पण ओढलं नाही.

मावशींच्या खांद्यावरचा वायरलेस खरखरला. पलीकडून साहेब ओरडत होते, "ताफा का थांबला? विरोधी पक्षाचं कुणी येणार नव्हतं ना? किती जण आहेत?"

मावशींनी मोकळ्या रस्त्याकडे एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं आणि बटण दाबलं.

"अख्खा पक्ष आलाय, साहेब."