पत्र्याखालची चाचणी

चौथा जीपीएस रिसीव्हर जोडूनही चाचणीच्या पडद्यावर अर्धा तास ‘उपग्रह शून्य’ एवढंच दिसलं. भिकाजींनी चिडून पक्कड उचलली आणि आधीच्या तिघांसारखेच त्या रिसीव्हरचेही जोडणीचे धातूचे पाय मुळापासून मोडले. निकामी भाग चुकून पुन्हा कुणी बसवू नये म्हणून टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ते तीस वर्षं असंच करत आले होते.

गावातल्या पाच होड्यांना समुद्रात आपली जागा कळावी, म्हणून जुन्या मोबाइल टॉवरच्या भंगारातून पाच रिसीव्हर काढून देण्याचा शब्द त्यांनी दिला होता. होड्या उद्या निघणार होत्या.

“अहो, टेबल सोडा आता, पानं मांडायचीत,” म्हणत बायकोने नुकताच जोडलेला पाचवा रिसीव्हर पडद्यासकट उचलून अंगणात नेऊन ठेवला. थोड्या वेळाने तिथूनच तिने हाक मारली, “यावर सात उपग्रह आलेत हो!”

भिकाजी धावले. वर मोकळं आभाळ होतं आणि मागे घराचं पत्र्याचं छप्पर. पत्र्याखाली उपग्रह दिसणार कसे, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं.

“झालं ना मनासारखं?”

“चार धडधाकट रिसीव्हर लंगडे केले मी,” ते म्हणाले. “आता कुठल्या चार होड्यांना नाही म्हणू, ते सांग.”